प्रश्न क्रमांक ७३

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपून आठवडा झाला होता. सात रस्त्याजवळच्या आमच्या अभ्यासिकेत रविवारी सराव परीक्षा झाली, बुधवारी निकाल भिंतीवर लागला आणि गुरुवारी सकाळी मी कुलूप काढायला गेलो तर एक मुलगी आधीच पायरीवर बसलेली. मांडीवर प्रश्नपत्रिका, त्र्याहत्तराव्या प्रश्नाभोवती लाल पेनानं केलेला गोल.

प्रश्न साधा होता. 'पुढीलपैकी निर्दोष वाक्य ओळखा.'

(१) हू आर यू वेटिंग फॉर?
(२) एव्हरी कँडिडेट शुड ब्रिंग देअर हॉल तिकीट.
(३) द ऑफिसर आस्क्ड अस टू केअरफुली रीड द फॉर्म.
(४) इट इज आय हू ॲम टू ब्लेम.

उत्तरतालिकेत पर्याय चार. तिनं पर्याय दोन निवडला होता. "सर," ती म्हणाली, "यातलं एकच बरोबर असेल तर ते चौथं कसं? चौथं तर कुणी बोलतच नाही."

मी या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांचं इंग्रजी शिकवतो. पेपर मात्र मी काढला नव्हता. तो काढला होता आमच्या सरांनी. एका हायस्कूलमधून निवृत्त होऊन त्यांना पंधरा-सोळा वर्षं झाली, राहायला जुळे सोलापुरात, आणि मी स्वतः आठवी ते दहावी त्यांच्याच हाताखाली इंग्रजी शिकलो. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे काही ठरवलं त्यात ती होतीच.

मुलगी पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, आई विड्या वळते, वडील लूमवर. इंग्रजी तिच्या कानावर पडलं ते मोबाइलवरच्या बातम्यांतून आणि क्रिकेटच्या समालोचनातून. तिचं म्हणणं भावनेचं नव्हतं. तिनं हिशेब करून आणला होता.

शंभर प्रश्न, दोनशे गुण, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. पहिल्या पाचांना पुढच्या तुकडीची निम्मी फी माफ. तिला १३१.५ गुण, पाचव्या क्रमांकाच्या मुलाला १३३. त्र्याहत्तरावा प्रश्न रद्द केला तर तिचा वजा झालेला अर्धा गुण परत येतो आणि ती १३२ वर जाते. त्या मुलानं चौथा पर्याय निवडून दोन गुण मिळवले होते, ते जाऊन तो १३१ वर येतो. चारही पर्याय बरोबर धरले तर ती १३४, तो १३३. म्हणजे कोणत्याही बाजूनं प्रश्नाला हात लावला की एकाची फी माफ होणार आणि दुसऱ्याची जाणार. तो मुलगा मोहोळ तालुक्यातून रोज एसटीनं येतो. त्यानं काय केलं होतं? पुस्तकात होतं ते वाचलं होतं आणि तेच लिहिलं होतं.

मालकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एका प्रश्नानं काय होतंय, सोडून द्या." मग मी त्यांना दोघांच्या फीचा आकडा दाखवला. मालक गप्प बसले आणि म्हणाले, "सरांना विचारा."

उत्तरपत्रिका पुन्हा चाळल्या. अठ्ठावन्न मुलांपैकी २९ जणांनी चौथा पर्याय घेतला होता, १२ जणांनी पहिला, ६ जणांनी दुसरा, ५ जणांनी तिसरा, आणि ६ जणांनी प्रश्न सोडून दिला होता. एकूण गुणांत वरच्या दहांपैकी तिघांनी तो सोडलेला होता. माझ्या अनुभवात हे धोक्याचं लक्षण असतं. प्रश्न अवघड असेल तर हुशार मूल विचार करून काहीतरी ठोकतं. प्रश्नच संशयास्पद असेल तर ते हात मागं घेतं.

चार वाक्यांची झडती

सरांकडं जाण्याआधी मी दोन रात्री बसलो. मला शिकवलेले नियम कुणी, कधी आणि कशाच्या जोरावर केले हे मी कधी तपासलंच नव्हतं. लाल कव्हरच्या जाडजूड ग्रामरात असतं म्हणून असतं, एवढंच.

पहिल्या वाक्यावर दोन आरोप. एक, 'हू' नको, 'हूम' हवं. दोन, वाक्याचा शेवट 'फॉर' या प्रीपोझिशननं झालाय. दुसऱ्या आरोपाचा जनक इंग्रज कवी जॉन ड्रायडन. १६७२ मध्ये त्यानं नाटककार बेन जॉन्सनच्या एका ओळीत शेवटी आलेलं 'फ्रॉम' दाखवून नाक मुरडलं. मग स्वतःच्या जुन्या लेखनातही तेच सापडल्यावर १६८४ च्या आवृत्तीत त्यानं ती वाक्यं बदलून घेतली. माणूस लॅटिनवर पोसलेला, आणि लॅटिनमध्ये प्रीपोझिशन नामाच्या आधी बसते, मागं लोंबत नाही. पुढं १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ या पाद्र्यानं इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. हे गृहस्थ नंतर लंडनचे बिशप झाले आणि शाळेतल्या निम्म्या मनाया त्यांच्या नावावर खपवल्या जातात. पण त्यांनी या रचनेला चूक म्हटलंच नाही. बोलण्यात आणि सैल लेखनात ती सर्रास चालते, गंभीर लेखनात प्रीपोझिशन आधी आणलेली जास्त शोभते, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि ते सांगताना त्यांनी स्वतःचं वाक्य 'टू' वरच संपवलंय. गंमत म्हणून की ओघात, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

इथं एक गोष्ट माझ्या पहिल्यांदाच लक्षात आली. आमच्या मुलांना 'फॉर हूम आर यू वेटिंग' हे वाक्य मुळीच जड जात नाही, कारण ते मराठीत विचार करतात. 'कोणासाठी थांबलायस' यातलं 'साठी' कोणापासून सुटतच नाही. आपलं शब्दयोगी अव्यय नावाप्रमाणं शब्दाला चिकटून असतं. त्यामुळं साहेबाच्या पोराला जो नियम डोक्यावर मारून शिकवावा लागला, तो आपल्याला आयता येतो, आणि साहेबाच्या पोराला जे आयतं येतं ते आपल्याला चूक वाटतं. 'हू' बद्दल म्हणाल तर एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञानं १९२१ मध्येच लिहून ठेवलं की दोनेकशे वर्षांत मोठमोठे कायदेपंडितसुद्धा प्रश्नाच्या सुरुवातीला 'हूम' म्हणणार नाहीत. त्यातली शंभर वर्षं होऊन गेली.

तिसरं वाक्य लवकर उरकतो. 'टू' आणि क्रियापदाच्या मध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा नियम सगळ्यात नवा. लोथच्या पुस्तकात तो नाहीच. तक्रारी एकोणिसाव्या शतकातल्या, त्यातली गाजलेली हेन्री अल्फर्ड या धर्मगुरूची, १८६४ ची. लॅटिनमध्ये हे रूप एकाच शब्दाचं असतं म्हणून इंग्रजीतही फोडू नये, असं कारण सगळे सांगतात, मीही वर्गात सांगत आलो. अल्फर्डनं मात्र लॅटिन पुढं केलेलं नाही. इंग्रजी माणसं असं बोलतच नाहीत, एवढंच त्याचं कारण, आणि ते तेव्हाही खरं नव्हतं. १९२६ मध्ये फाउलर या इंग्रज कोशकारानं आपल्या वापरकोशात या नियमावरून इंग्रजी बोलणाऱ्यांचे पाच गट पाडले आणि ज्यांना हे प्रकरण माहीतही नाही, पर्वाही नाही, त्यांना सुखी ठरवलं. कधीकधी तर फोडल्याशिवाय अर्थच राहत नाही. 'ही फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड' म्हणजे त्याला पूर्ण कळलं नाही. 'ही कम्प्लीटली फेल्ड टू अंडरस्टँड' म्हणजे काहीच कळलं नाही. सरांच्या वाक्यात मात्र 'केअरफुली' शेवटी नेलं तरी काही बिघडत नव्हतं. म्हणजे वाक्य थोडं सुधारता येण्यासारखं होतं, चूक नव्हतं.

चौथं वाक्य, म्हणजे उत्तर. 'टू बी' च्या पुढं येणारं सर्वनाम कर्त्याच्याच रूपात हवं, म्हणून 'इट इज मी' नाही, 'इट इज आय'. हाही लॅटिनचा वारसा. याला जुना विरोधक मिळाला तो जोसेफ प्रीस्टली. हाच तो, १७७४ मध्ये ऑक्सिजन वेगळा काढणारा. त्यानं इंग्रजीचं व्याकरणही लिहिलं होतं, आणि १७६८ च्या आवृत्तीत सरळ म्हटलं की सगळे व्याकरणकार एक सांगतात, पण रोजचं बोलणं आणि चांगल्या लेखकांची उदाहरणं वेगळाच नियम करायला लावतील. त्याच्या चारशे वर्षं आधी कवी चॉसर तर 'इट ॲम आय' लिहीत होता. तेव्हा क्रियापद 'आय' च्या मागं जायचं, 'इट' च्या नाही. म्हणजे आज जे रूप सनातन म्हणून छापलं जातं तेसुद्धा मधल्या एका मुक्कामाचं.

माझी स्वतःची आठवण इथं सांगतो. शिक्षकी पेशात येण्याआधी दोन वर्षं मी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कंपनीत पत्रव्यवहार सांभाळायचो. परदेशी खरेदीदाराचा फोन आला, त्यानं माझं नाव घेऊन विचारलं, तुम्हीच का? मी ताठ बसून म्हटलं, "यस, इट इज आय." पलीकडं क्षणभर शांतता. मग तो इतक्या सावकाश आणि आदबीनं बोलायला लागला की मला वाटलं, छाप पडली. पुढं कधीतरी कळलं की मी त्याला एखाद्या जुन्या नाटकातल्या भटजीसारखा वाटलो असणार.

तरीही चौथं वाक्य चूक नाही, हे नोंदवायला हवं. पुढं 'हू' चं उपवाक्य आलं की लिहिण्यात 'इट इज आय' आजही येतं. ते औपचारिक आहे, जरा कांजी केलेलं आहे, पण शुद्ध आहे.

एकटा माणूस आणि अनेकवचन

दुसऱ्या वाक्यावर जास्त वेळ गेला, कारण भांडण तिथलं होतं.

'एव्हरी कँडिडेट' एकवचनी, मग त्याच्यासाठी 'देअर' कसं? 'हिज' हवं. हा सरांचा नियम, माझाही. शोधल्यावर दिसलं की एका व्यक्तीसाठी 'दे' वापरण्याची रीत चौदाव्या शतकापासूनची आहे. तिला हटकण्याची सुरुवात झाली अठराव्या शतकात. पुल्लिंगी रूपात दोन्ही लिंगं येतात, हे १७४५ मध्ये व्याकरणात घालणाऱ्यांत ॲन फिशर नावाची शिक्षिका होती, म्हणजे बाईच. १७९५ मध्ये लिंडली मरे यानं यॉर्कमधल्या मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिलं, ते पुढं इंग्लंड-अमेरिकेत घरोघर पोचलं, आणि त्यानंही 'दे' वर फुली मारली. मुलींच्या शाळेसाठी लिहिलेल्या पुस्तकानं मुलींना 'ही' त बसवलं, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. १८५० मध्ये ब्रिटिश संसदेनं कायद्याच्या भाषेपुरतं तेच पक्कं केलं. आपल्याकडं १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम १३ आहेच: पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. आमच्या मुलांना ते पाठ असतं.

ही सगळी पोतडी घेऊन मी त्या मुलीशी बोललो तर तिनं माझ्या पोतडीकडं बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "सर, हॉल तिकिटावर फोटो माझा आणि तिकीट 'हिज' कसं? ते एक असू दे. पण मी तुमच्याशी बोलते तेव्हा 'तुम्ही आहात' म्हणते. तुम्ही तर एकटेच बसलाय की. मोठे सर येतात तेव्हा 'सर आले, ते बसले' म्हणतो. ते किती जण असतात?"

मी एवढ्या वर्षांत हे उदाहरण वर्गात दिलं नव्हतं. डोळ्यासमोर होतं म्हणून दिसलं नव्हतं. आपल्याकडं आदरार्थी बहुवचन आहे आणि त्यात कुणाचा गोंधळ होत नाही. सर आले म्हटल्यावर कुणी खुर्च्या मोजत नाही. इंग्रजीनंसुद्धा हेच एकदा केलंय. 'दाऊ' गेलं, अनेकवचनी 'यू' एकट्या माणसाला चिकटलं, आणि आज 'यू आर' म्हणताना समोर एकच जण आहे म्हणून 'यू इज' कुणी म्हणत नाही. तेच 'दे' चं होत असेल तर आभाळ कोसळत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेनं आपल्या लेखनशैलीच्या सातव्या आवृत्तीत एकवचनी 'दे' ला अधिकृत मान्यता दिली. जगभरचे संशोधन-निबंध त्या शैलीत लिहिले जातात.

सरांकडं

रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं सरांकडं गेलो: मी, मालक, ती मुलगी आणि मोहोळचा मुलगा. त्याला मीच आग्रहानं नेलं. त्याच्या पाठीमागं त्याची फी कापणं मला जमलं नसतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मी प्रीस्टलीपर्यंत आलो तेव्हा ते हसले. "म्हणजे ऑक्सिजनवाला ग्रामर लिहीत होता? अरे, मग मी पण जरा रसायनशास्त्र शिकवायला हवं होतं." मी म्हटलं, "सर, तुम्ही आम्हाला 'आय शॅल, यू विल' घोकून घेतलंत ना, तो नियम पहिल्यांदा मांडणारा जॉन वॉलिस गणिती होता. १६५३ मध्ये, परकीयांसाठी, लॅटिनमध्ये लिहिलेल्या पुस्तकात. अनंताचं चिन्हही त्यानंच आणलं." सर म्हणाले, "तरीच तो नियम संपता संपत नव्हता."

मग ते गंभीर झाले, आणि त्यांनी जे सांगितलं त्याला माझ्याकडं आजही नीट उत्तर नाही.

"हे बघ," ते मला म्हणाले, "तू म्हणतोस हे नियम कुणा पाद्र्यानं बसून केले. केले असतील. पण परीक्षासुद्धा कुणीतरी बसूनच केलेली असते. साहेबाच्या पोराला कान असतो. आई बोलते, बाप बोलतो, त्याला नियम लागत नाही. या दोघांच्या घरी इंग्रजी कोण बोलतं? यांच्याकडं कान नाही, म्हणून मी यांना नियम देतो. तू तो काढून घेतलास तर बदल्यात काय देणार आहेस? 'जसं लोक बोलतात तसं बोला'? कुठले लोक? लूमवरचे?"

खोलीत कुणी बोललं नाही. मग मुलगीच म्हणाली, "सर, नियम द्याच. पण जो दिला तो बाहेर चालायला पाहिजे ना. खोटं नाणं घेऊन आम्ही दुकानात गेलो तर हसणार आम्हालाच."

मोहोळचा मुलगा तोवर खाली बघत होता. तो म्हणाला, "सर, मी तर पुस्तकातलंच लिहिलं की. उद्या पुस्तक चूक म्हणाला तर मी कशावरनं अभ्यास करू?"

त्या संध्याकाळी सगळ्यात अवघड वाक्य तेच होतं. सर आणि मी, दोघांनीही त्याच्याकडं बघायचं टाळलं.

काकूंनी कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणली. खाताना विषय मराठीकडं वळला, तो वळणारच होता. सरांना मी विचारलं, तुमच्या वडिलांची पत्रं आहेत का? होती. त्यांत 'केलें', 'गेलें', 'घरें', प्रत्येकाच्या डोक्यावर अनुस्वार. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. सरांचे वडील त्या वर्षानंतर अशुद्ध लिहीत होते का? सर म्हणाले, "नाही. ते त्यांच्या वेळचं शुद्ध लिहीत होते. पण त्या वर्षानंतर मी शाळेत तसं लिहिलं असतं तर मला मार खावा लागला असता." हे त्यांनी माझ्या बाजूनं म्हटलं की स्वतःच्या, मला कळलं नाही. बहुधा दोन्ही बाजूंनी. (या लेखात मी 'केलं', 'झालं' लिहितोय. त्याच नियमांप्रमाणं हे रूप पात्राच्या तोंडी किंवा तशीच गरज असेल तर, एरवी 'केले', 'झाले'. सरांनी हा लेख वाचला तर लाल पेन पहिल्या ओळीपासून चालेल.)

काय ठरलं

ठरलं ते चहाच्या दुसऱ्या फेरीत. सरांना मी एकच गोष्ट विचारली: "सर, पहिल्या तीन वाक्यांत चूक आहे असं तुम्ही म्हणता. 'शी कॅन सिंग्ज' यातही चूक आहे. दोन्ही चुका एकाच जातीच्या का?"

सर बराच वेळ बोलले नाहीत. 'शी कॅन सिंग्ज' असं लंडनचा प्राध्यापकही म्हणणार नाही आणि तिथला फेरीवालाही नाही. 'हू आर यू वेटिंग फॉर' मात्र दोघंही दिवसातून दहादा म्हणतील. एका ठिकाणी भाषेनं स्वतःच आखलेली हद्द आहे, दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी नंतर टाकलेलं कुंपण. कुंपणालाही उपयोग असतो. सरकारी पत्रात, कोर्टाच्या कागदात, जुन्या वळणाच्या साहेबासमोर ते पाळलेलं बरं. पण दोन गुण द्यायचे आणि अर्धा कापायचा, असा निवाडा कुंपणावर करता येत नाही.

"मग प्रश्न रद्द," सर म्हणाले. "पण प्रश्न चुकला म्हणून रद्द कर, नियम मेला म्हणून नको. फलकावर तसंच लिही."

मी तसंच लिहिलं. 'प्रश्न क्र. ७३ मध्ये एकाहून अधिक पर्याय स्वीकारार्ह असल्यामुळे तो सर्वांसाठी रद्द.' आयोगाच्या अंतिम उत्तरतालिकेत प्रश्न रद्द होतात ते मुलांना माहीत असल्यामुळं यावर फारशी कुरकुर झाली नाही. ज्या एकोणतीस जणांचे दोन गुण गेले त्यांच्यातल्या काहींनी मला दोन दिवस नमस्कार केला नाही, एवढंच.

फीचं मालकांनी सोडवलं. पाचांऐवजी सहा जणांना निम्मी फी. मला वाटत होतं ते घासाघीस करतील. पण सरांच्या घरी बसून मोहोळच्या मुलाचं ते वाक्य त्यांनीही ऐकलं होतं. व्याकरणाचा वाद शेवटी एका अर्ध्या फीत मिटला. नियमानं बघितलं तर हा न्याय नव्हेच. सहावा आलेला मुलगा सहावाच होता. पण पुस्तकावर विश्वास ठेवल्याचा दंड त्यानं भरावा हे मला पटत नव्हतं, आजही पटत नाही.

नंतरचा उपद्रव

आठवड्याभरात अभ्यासिकेत नवीनच साथ पसरली. 'ग्रामर असं काही नसतंय बे, पाद्र्यांनी केलंय' हे वाक्य मी स्वतः जिन्यात ऐकलं. एकानं निबंधात 'ही डोन्ट नोज' लिहिलं आणि मी खूण केल्यावर म्हणाला, "सर, भाषा बदलते." दुसऱ्यानं 'वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर' ला चॉसरचा आधार काढला. चॉसर त्यानं वाचला नव्हता, मीही त्याला तसं विचारलं नाही. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' वर तर मोठीच चर्चा झाली. हे वाक्य लाखो भारतीय बोलतात, मग चूक का? प्रश्न वाजवी आहे. मी एवढंच सांगितलं की घरात चालेल, इथल्या ऑफिसातही खपेल, पण परीक्षेत आणि परदेशी पत्रात आज ते चुकीचंच धरलं जातं, आणि त्या तपासणाऱ्याला तुम्ही सोलापुरातून समजवायला जाणार नाही. माझं उत्तर गुळमुळीत होतं. 'काय करलालास' म्हणणाऱ्या आमच्या मुलांना पुण्यात मराठीसाठी हसतात तेव्हा मी नेमका उलट बोलतो.

तेव्हापासून वर्गात मी नियम सांगताना त्याचं वय सांगतो. 'कॅन' पुढं क्रियापदाचं मूळ रूप: हे पाळायचंच. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन: ड्रायडन, १६७२, पाळलं तर छान, परीक्षेत विचारलं तर पाळा. पोरांना तारखा आवडतात, त्यामुळं सोयही झाली. पेपर काढायची पद्धतही बदलली. चूक म्हणून छापायचं वाक्य असं हवं की सर आणि मी, दोघांनीही पुस्तक न उघडता त्याला चूक म्हणावं. एकानं जरी 'पण' म्हटलं तरी ते वाक्य बाद. पुढच्या पेपरच्या वेळी सरांनी पाठवलेल्या पन्नास वाक्यांतली अकरा मी बाद केली आणि माझी सात त्यांनी. माझ्या सातांपैकी चारांत त्यांचं बरोबर होतं.

मुलीनं पुढं एक सरळसेवा परीक्षा दिली. त्यात इंग्रजीच्या प्रश्नात 'एव्हरीवन मस्ट डू' पुढं गाळलेली जागा आणि मग 'ड्यूटी', पर्यायांत 'हिज' आणि 'देअर' दोन्ही. परीक्षेहून परत येताना तिनं अभ्यासिकेत डोकावून हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, काय लिहिलंस?

"हिज," ती म्हणाली. "तिथं मोठे सर नव्हते ना, बोलायला."